वेळ किती लागली?

मला आठ मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय हिमा दासच्या सुरुवातीच्या वर्षांचा. आसामातल्या नगाव जिल्ह्यातलं ढिंग, भातशेती करणारे वडील, शेतात मुलांबरोबर फुटबॉल खेळणारी पोर, तिला गुवाहाटीला घेऊन येणारे प्रशिक्षक निपोन दास, 'ढिंग एक्स्प्रेस' हे टोपणनाव... हे सगळं इतक्या वेळा छापून आलंय की त्यात मी मिनिटं घालवत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती हिमाबद्दल कमी, आपल्याबद्दल जास्त आहे.

आपण धावणाऱ्याला वेळ विचारत नाही.

पोरगं स्पर्धेहून घरी आलं की वडील विचारतात, "कितवा आलास?" शेजारचे काका विचारतात, "पदक दाखव बघू." किती सेकंद लागले, हे कुणाच्या तोंडून येत नाही. मी शाळांच्या स्पर्धांत अंतिम रेषेपाशी घड्याळ धरून उभा राहणारा माणूस. मी खाली मान घालून आकडा लिहीत असतो आणि आजूबाजूला टाळ्या क्रमांकाला पडत असतात.

तुमच्यापैकी पुष्कळ जण आत्ताच डेअरीवर दूध घालून आले असतील. तिथं काय होतं? कॅन काठोकाठ भरलाय म्हणून सचिव तुमची पाठ थोपटतो का? तो चमचाभर दूध मशीनला लावतो. फॅट किती लागली, डिग्री किती लागली, ते पावतीवर उमटतं आणि दर त्यावर ठरतो. रांगेत तुमच्या मागे कोण उभं आहे, त्याचं दूध पातळ आहे की घट्ट, याच्याशी तुमच्या पावतीचा काही संबंध नसतो. पदकाचं मात्र तसं नाही. त्या दिवशी शेजारच्या पट्ट्यात कोण धावायला आलं होतं, यावर ते ठरतं.

आता हिमाच्या पावत्या बघा. साल २०१८, वय अठरा. एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत ती सहावी आली, वेळ ५१.३२ सेकंद. जूनमध्ये गुवाहाटीला ५१.१३. मग १२ जुलै, फिनलंडमधलं टँपेरे, वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा. शेवटच्या सरळ टप्प्यात मागून येऊन एकेकीला टाकत तिनं सुवर्ण घेतलं. ट्रॅकवरच्या शर्यतीत जागतिक पातळीवर भारताला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. गळ्यात आसामी गामोसा, राष्ट्रगीत, डोळ्यांत पाणी. आपल्याही. आणि वेळ? ५१.४६.

लक्षात आलं का? परत सांगतो, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. सहावी आली तेव्हा ५१.३२. सुवर्ण मिळालं तेव्हा ५१.४६. म्हणजे एप्रिलमधली सहावी आलेली हिमा जुलैमधल्या विजेत्या हिमापेक्षा जोरात धावली होती! टँपेरेला दुसरी आलेली रुमानियाची मुलगी ५२.०७ मध्ये पोचली. गोल्ड कोस्टला पहिली आलेली बोत्सवानाची अमांटल माँट्शो ५०.१५ मध्ये. एवढाच फरक. सुवर्णाला मी कमी लेखतोय असं समजू नका, मी त्या दिवशी पेढे वाटलेत. पण एप्रिलमध्ये हिमाचं नाव किती जणांनी ऐकलं होतं? जुलैत ती सगळ्यांची लेक झाली. झाली तर झाली, पण तेव्हाही आपण काय विचारलं? ॲथलेटिक्स महासंघानं तिच्या इंग्रजीवर शेरा मारला आणि नंतर माफी मागितली. कित्येकांनी तिची जात इंटरनेटवर शोधली. जात शोधायला सवड होती, वेळ शोधायला नव्हती.

ऑगस्टमध्ये जकार्ताला आशियाई स्पर्धा. प्राथमिक फेरीत ५१.०० धावून तिनं मंजीत कौरचा २००४ पासूनचा ५१.०५ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. दुसऱ्या दिवशी अंतिम शर्यतीत स्वतःचाच विक्रम मोडत ५०.७९. पदक मिळालं रौप्य, कारण पलीकडे बहारीनची सल्वा ईद नासर होती आणि ती ५०.०९ मध्ये धावली. माझ्या हिशेबी हिमाची त्या वर्षातली सर्वांत मोठी शर्यत ही, आणि हिचं पदक रुपेरी आहे. टँपेरेचं चलचित्र आजही लोक एकमेकांना पाठवतात. जकार्ताचं मला अजून कुणी पाठवलेलं नाही.

आणि आता २०१९, ज्यासाठी मी हे भाषण घेतलं. जुलै महिना. क्रिकेटच्या विश्वचषकात उपांत्य फेरीत आपण न्यूझीलंडकडून हरलो होतो, मनं खट्टू होती, आणि त्याच महिन्यात हिमा सुटली होती! पोलंडमध्ये दोन, चेक प्रजासत्ताकात तीन, महिना संपायच्या आत पाच सुवर्णं. फोन खणखणायला लागले. कुणी लिहिलं, क्रिकेटवाल्यांनी शिकावं हिच्याकडून. कुणी थेट ऑलिंपिकचं सुवर्ण तिच्या गळ्यात घालून मोकळं झालं. आणि पूरग्रस्त आसामसाठी आपला अर्धा पगार देणारी ती पोर, तिला सगळ्यांनी देवच करून टाकलं.

पावत्या कुणी वाचल्या? २०० मीटरच्या चार शर्यती : २३.६५, २३.९७, २३.४३, २३.२५. पाचवी ४०० मीटरची, ५२.०९. आदल्या वर्षी हीच मुलगी ४०० मीटर ५०.७९ मध्ये धावली होती, विसरू नका. त्या वर्षी दोह्याला जागतिक स्पर्धा होत्या. तिथं जायला २०० मीटरसाठी २३.०२ हवे होते आणि ४०० साठी ५१.८०. म्हणजे पाच सुवर्णं घेऊनही ती यातल्या एकाही शर्यतीला पात्र ठरली नव्हती. त्या छोट्या स्पर्धा होत्या, नामांकित धावपटू तिथं फारशा नव्हत्या. कॅन पाच भरले होते, खरं आहे.

थांबा, लगेच नाक मुरडू नका. इथंच तर माझं म्हणणं आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत पाठीच्या दुखण्यानं तिला ४०० मीटरची प्राथमिक फेरी अर्धवट सोडावी लागली होती. युरोपात ती त्या दुखण्यातून उठत होती. गाय आजारातून उठली की फॅट कमी लागते, तेव्हा शेतकरी गायीला शिव्या देतो का? तो रोजची पावती जपून ठेवतो आणि कालच्यापेक्षा आज पॉइंट वाढला का, एवढंच बघतो. आता तेच आकडे त्या नजरेनं ऐका. २३.९७, मग २३.४३, मग २३.२५. चढतेय! सावकाश, पण चढतेय. वेळ वाचली असती तर आपण त्या मुलीला म्हटलं असतं, बाई, घाई नको. आपण सुवर्णं मोजली आणि तिच्याकडून ऑलिंपिक मागितलं. पुढे पाठीनं पुन्हा घात केला, ती दोह्याला गेली नाही, आणि तीच माणसं विचारायला लागली की कुठे गायब झाली ती?

आणखी एक. जून २०२१, पतियाळा. हिमा २०० मीटर २२.८८ मध्ये धावली. सरस्वती साहाचा २००२ पासूनचा राष्ट्रीय विक्रम २२.८२. टोकियो ऑलिंपिकची पात्रता २२.८०. आठ शतांश सेकंद कमी पडले, पाठोपाठ मांडीचा स्नायू दुखावला, टोकियो हुकलं. युरोपातल्या त्या चारही शर्यतींपेक्षा ही धाव कितीतरी सरस होती. किती निरोप आले तुम्हाला त्या दिवशी?

आपल्याला घड्याळ वाचता येत नाही असंही नाही. पी. टी. उषा लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये चौथी आली, ५५.४२. तिसरी आलेली ५५.४१. तो एक शतांश सेकंद या देशात शेतावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ आहे. पदक नव्हतं म्हणून आपण आकडा जपला. मग पदक मिळालं की...

मला काचेपलीकडून बोट दाखवतायत, दीड मिनिट राहिलंय. वाऱ्याच्या वेगाचं बोलायचं होतं, राहू दे. २०० आणि ४०० मीटरची वेळ शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका, गायीची पावती म्हशीच्या पावतीशी लावत नाहीत, हेही सविस्तर सांगायचं होतं.

शिक्षकमित्रांना एक विनंती मात्र करतो. शाळेच्या प्रमाणपत्रावर 'प्रथम क्रमांक' याच्या खाली एक रेघ मोकळी सोडा आणि तिथं वेळ लिहा. दुसऱ्या, तिसऱ्या, सातव्या मुलीलाही लेखी द्या. वहीच्या कागदावर दिलीत तरी चालेल. घड्याळ हातातलं असेल तर तसं शेजारी नोंदवा, कारण हातघड्याळाची वेळ कमी दिसते. विजेवरच्या वेळेशी ताडून बघताना १०० आणि २०० मीटरला त्यात ०.२४ सेकंद मिळवतात, ४०० मीटरला ०.१४. हे दोन आकडे लिहून घ्या. पेन्सिल आहे ना जवळ? पुन्हा सांगतो, शंभर आणि दोनशेला शून्य पूर्णांक चोवीस, चारशेला शून्य पूर्णांक