नावातला मुका 'ब'

आपल्याकडे लोहार, सुतार, अत्तार ही आडनावे धंद्यावरून पडली, तशीच ती फ्रान्समध्येही पडली. जुन्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फेव्र' म्हणत. लॅटिन 'फाबेर'पासून आलेला हा शब्द. पुढे तो बोलण्यातून गेला आणि लोहार 'फोर्झरों' झाला. पण आडनावांत जुना शब्द टिकून राहिला. उत्तरेत 'लफेव्र', दक्षिणेत 'फाब्र' किंवा 'फोर'. कीटकांचे आयुष्य उलगडून दाखवणारे झाँ-आन्री फाब्र (१८२३-१९१५) आडनावाने लोहारच!

'लफेव्र'ची खरी गंमत पुढेच आहे. लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांना वाटले, मूळ शब्दात 'ब' आहे, तर तो दिसायला हवा. त्यांनी 'व'च्या आधी एक 'ब' घातला. बोलताना मात्र तो मुकाच राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीचे इतिहासकार जॉर्ज लफेव्र (१८७४-१९५९) यांच्या आडनावात हा 'ब' लिहितात, उच्चारत नाहीत.

पण त्या जुन्या काळी 'यू' आणि 'व्ही' ही निराळी अक्षरे मानली जात नसत. त्यामुळे नुसता कागद पाहून वाचणाऱ्यांनी मुक्या 'ब'ला वाचा दिली आणि 'व्ही'चा 'यू' केला. 'लफेव्र'चा 'लेफेब्यूर' झाला! काही घराण्यांचे तेच नाव झाले. ऑर्गनवादक लुई लेफेब्यूर-वेली (१८१७-१८६९) यांचे नाव त्यातलेच.

जिनिव्हाचे भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर यांनी हे उदाहरण आपल्या व्याख्यानांत दिले. ती व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १९१६ साली पुस्तकरूपाने आली. लिपी बोलीवर हुकूमत गाजवते आणि त्यातून अशा विकृती जन्मतात, असा त्यांचा रोख होता.

मीही याच मताचा होतो. आमचे आडनाव शिकलगार. अरबी 'सैकल' म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणे. हत्यारांना चकाकी आणणारा तो सैकलगर, आणि लोकांच्या जिभेवर घासला जाऊन तो झाला शिकलगार. माझ्या थोरल्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र कारकुनाने 'शिकलकर' लिहिले. सख्खे भाऊ आम्ही, पण कागदोपत्री आडनावे दोन! भावाची मुले शिकलकर म्हणूनच वाढली. मी भेटेल तेव्हा त्यांची चूक दुरुस्त करायचो. मुले ऐकून घेत, पण हिरमुसत.

मग मनात आले, लेफेब्यूरांना कुणी 'तुमचे नाव चुकीचे आहे' म्हणाले, तर ते काय करतील? त्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच नावाला ओ दिली आहे. आणि आमचा 'शिकलगार' तरी कुठे शुद्ध आहे? तोही बिघडलेला 'सैकलगर'च. एक नाव जिभेने बदलले, दुसरे लेखणीने, एवढाच फरक.

परवा पुतणीचा फोन आला. "चाचा, मी शिकलकरांची धाकटी बोलतेय," ती मुद्दाम मला चिडवायला म्हणाली.

मी म्हणालो, "बोल बेटा."