दुखण्याआधीची तपासणी



आज ज्या दुखण्याविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव आपण घरात काढत नाही. सून सासूला सांगत नाही, सासू सुनेला सांगत नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही. अंगावरून जाते, घाण वास येतो, पाळी नसताना रक्त दिसते. पण बाई गप्प राहते. सुगी होऊ दे म्हणते, पोरीचे लग्न होऊ दे म्हणते. पुढे कंबर धरते, अंगातले बळ जाते. मग दवाखान्यात नेले की दाक्तर म्हणतात, फार उशीर केलात.

हा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. पिशवीचे तोंड आत असते, बाहेरून दिसत नाही. म्हणून रोग तिथे गुपचूप वाढतो.

तो होतो कशाने? पाप केले म्हणून होत नाही, कुणी करणी केली म्हणूनही होत नाही. डोळ्यांना न दिसणारा एक विषाणू आहे. त्याला एचपीव्ही म्हणतात. जर्मनीतले शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांना १९८३ साली तो या कर्करोगाच्या गाठीत सापडला. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू स्त्री-पुरुषांच्या संबंधातून लागतो. पण म्हणून कुणी कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये. बहुतेक माणसांना तो केव्हातरी लागतोच, आणि वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याच बायांच्या अंगात तो ठाण मांडून बसतो. तिथली जागा हळूहळू बिघडते. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात.

दहा वर्षे म्हणजे केवढा वेळ! पण त्या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. कपाशीवर पतंगाने अंडी घातली तरी पान हिरवेच दिसते, तसे हे आहे. तेव्हा दुखत नसतानाच तपासून घ्यायचे.

हे आपल्याच मुलखात पडताळून पाहिले आहे. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव. तिथल्या खेड्यांत १९९९ सालापासून मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया त्यात धरल्या. गावांचे चार गट केले. एका गटातल्या बायांची विषाणूची तपासणी केली, तीही एकदाच. एका गटात नेहमीचीच व्यवस्था ठेवली, वेगळी तपासणी केली नाही. आठ वर्षांनी मोजले. तपासणीच्या गटात सुमारे ३४,००० बायांपैकी ३४ जणी या रोगाने गेल्या होत्या. तपासणी नसलेल्या गटात सुमारे ३१,००० पैकी ६४ गेल्या. २००९ साली हे जगापुढे आले.

त्या बायांना तपासणीविना ठेवणे बरोबर होते का, असा वाद पुढे झाला. तो वाद रास्तच आहे. पण त्यांच्यामुळे जे कळले ते वाया घालवणे अधिक वाईट.

आता दुसरी तपासणी ऐका. हिला शिरका लागतो, म्हणजे व्हिनेगर. पातळ शिरक्यात कापूस भिजवून पिशवीच्या तोंडाला लावतात. मिनिटभर थांबतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दहावी शिकलेल्या बायांना शिकवून हे काम दिले. दर दोन वर्षांनी तपासणी केली. या रोगाचे मरण सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवकडे हीच तपासणी एकदाच केली, तेव्हा मरण म्हणावे तसे घटले नाही. शिरक्याची तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, ती अशी.

डाग सापडला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. तेवढी जागा गारठवून किंवा शेकून काढून टाकतात. बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

आणि एक सांगते, नीट ध्यानात घ्या. अंगावरून पांढरे जाते एवढ्यावरून कुणी म्हणाले, "पिशवी काढा, नाहीतर कर्करोग होईल," तर लगेच अंगठा देऊ नका. आता तर सहीही करता येते, तीही करू नका! आधी तपासणी मागा, दुसऱ्या दाक्तरांना विचारा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्या. २०१९ साली सरकारला त्याची चौकशी करावी लागली.

बाहेरच्या अंगालाही कर्करोग होतो. म्हाताऱ्या बायांत तो अधिक. महिनोन् महिने खाज, पांढरा चट्टा, गाठ, न भरणारी जखम अशी त्याची लक्षणे. दुकानातले मलम चोळत बसू नये. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर थेंबभर असले तरी दाखवावे. बीजकोशाच्या कर्करोगाचे मात्र अवघड आहे. ब्रिटनमध्ये दोन लाख बायांवर अभ्यास झाला. २०२१ साली कळले, की धडधाकट बायांची तपासणी करून त्याचे मरण टळत नाही. म्हणून पोट फुगून राहते, चार घास खाल्ले की भरते, असे आठवड्यांमागून आठवडे चालले तर उठून दाखवायचे.

मुलींसाठी आता लस आहे. ९ ते १४ वयात दिली तर उत्तम. आपल्या देशात तिचा अभ्यास २०१० साली मध्येच थांबला. त्यामुळे कित्येक मुलींना एकच सुई मिळाली होती. पुढे दहा वर्षे पाहिले, तर एका सुईनेही चांगले रक्षण झाले होते! २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही एक सुई चालेल असे मान्य केले. पुण्यात तयार झालेली लस २०२३ सालापासून मिळते. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

आता जायचे कसे? तिशी उलटली की आशाताईला किंवा नर्सबाईला विचारा. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, पाळी संपल्यावर जा. एकटीला लाज वाटत असेल तर जावेला, शेजारणीला बरोबर घ्या. तपासणीला पाच-दहा मिनिटे लागतात. भावांनो, त्या दिवशी चूल तुम्ही पेटवा.