सालदाराला पाडवा असतो, बाईला का नसतो?



दुपारचं आवरून बसला असाल. कुणाच्या पुढ्यात निवडायची तूरडाळ असेल, कुणी आत्ताच वावरातून आली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज आपण घरकाम करणाऱ्या बाईबद्दल बोलू. वर्षानुवर्षं एकाच घरी सडा, झाडझूड, धुणी-भांडी करत आलेली बाई एक दिवस म्हणते, "मी आता येत नाही." तेव्हा काय करायचं? हा प्रश्न नुसता अमरावती-अकोल्यातल्या बंगल्यांचा नाही. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, परतवाड्यात आणि आपल्या खेड्यातल्या वाड्यांवरही तो येतो. आणि आपल्या बचत गटात तर कामावर ठेवणारी आणि कामाला जाणारी, दोघी एकाच सतरंजीवर बसतात. म्हणून हे बोलणं दोघींसाठी आहे.

आमच्या गटात घडलं तेच आधी सांगतो. नावं घेत नाही, दोघी आमच्याच आहेत.

पाडव्याला महिना राहिला होता. मासिक बैठक संपली, वह्या गोळा झाल्या आणि कामाला जाणारी मावशी वाड्यावरच्या काकूंना हळूच म्हणाली, "काकू, पाडव्यापासून मी नाही येत आता. दुसरी कोनी पाहून घ्या." एकवीस वर्षं ती त्या घरी जात होती. काकूंच्या दोन्ही पोरींच्या बाळंतपणात, सासूच्या आजारपणात तिनंच घर सांभाळलं होतं.

काकू एकदम तापल्या. "एकवीस वर्षं घरच्यासारखं ठेवलं, लेकीच्या लग्नाले पैसे देल्ले, दोन वेळचं जेवू घातलं. अन् आता वाळवणाचे दिवस आले तं हे चालली!" मावशी खाली पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, पण दोघी एकमेकींशी बोलेनात.

बायांनो, यात काकू वाईट नाहीत. असं बोलणं आपल्यातल्या कितीतरी जणींच्या तोंडून निघालं असतं. पण त्यांच्या प्रत्येक शब्दाकडे थोडं थांबून पाहू.

आपल्या वऱ्हाडात सालदार ठेवतात. पाडव्याला त्याचं साल संपतं, नवीन सुरू होतं. त्या दिवशी तो मालकासमोर बसतो. उचल किती घेतली, खाडे किती झाले, धान्य किती द्यायचं, पुढच्या सालाचे किती, सगळं बोललं जातं. जमलं तर राहतो, नाही जमलं तर दुसऱ्याकडे जातो. त्याला कुणी बेइमान म्हणत नाही. साल संपलं, माणूस गेला, एवढंच. पुढं रस्त्यात भेटला तर रामराम होतो.

त्याच घरात भांडी घासणाऱ्या बाईला असा दिवस नाही. तिचं साल कधी सुरू झालं ते कुणाला आठवत नाही आणि संपायची तारीखही नाही. पगार वाढवायचा दिवस नाही, उचल फिटली का ते पाहायचा दिवस नाही. मग तिनं सोडून जायचं म्हटलं की भांडणच होतं. नाहीतर ती काही न बोलता यायची बंद होते. सालदाराला पाडवा असतो, बाईला का नसतो? आमच्या गटात यावरच बोलणं झालं.

आता काकूंचे शब्द पाहू. "घरच्यासारखं ठेवलं." प्रेम खरं असतं, आम्ही नाही म्हणत नाही. पण 'घरचीच' म्हटलं की हिशेब मागायची लाज वाटते. मागणारीलाही वाटते, देणारीलाही. आणि खरंच घरची असेल, तर तिचा कप कुठे ठेवलेला असतो? ती चहा कुठे बसून पिते? ज्या कोनाड्यात तो वेगळा कप आहे, तिथे प्रत्येकीनं एकदा जाऊन पाहावं. आम्हीही पाहिलं. काहींच्या घरी तो निघाला.

"दोन वेळचं जेवू घातलं." हा मुलूख गाडगेबाबांचा आहे. १८७६ साली शेंडगावात त्यांचा जन्म झाला, लहानपण मूर्तिजापूरकडे दापुऱ्याला मामाच्या घरी राबण्यात गेलं. बाबा फुकटचं खात नसत. आधी लाकडं फोडायचे, अंगण झाडायचे, मग भाकर घ्यायचे. कामाची भाकर ही कमाई असते, उपकार नसतो, हे त्यांनी गावोगाव स्वतः करून दाखवलं. मग आपण बाईला दिलेली भाकर उपकार कशी होते?

"लेकीच्या लग्नाले पैसे देल्ले." ही उचल आहे. उचल राहिली तर ती कशी फेडायची ते बसून ठरवावं. पण उचल बाकी आहे म्हणून कुणाला कामावर अडकवून ठेवता येत नाही. वेठबिगारीला संविधानाच्या २३ व्या कलमानं बंदी आहे. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. रागाच्या भरात "आधी पैसे टाक, मग जा" म्हणणाऱ्या बाईच्या हे ध्यानातही नसतं.

तर पुढे काय झालं? आमच्यातल्या दोघी मावशीच्या घरी गेल्या. तिथे, काकू समोर नसताना, विचारलं, "खरं कारण सांग." आधी ती गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाली, "आता बसून उठनं होत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "गुडघे दुखतेत हे खरं हाय. पन सहा वर्सं झाले, पगार तेवढाच हाय. वाढवून मागाची लाज वाटे. मागतलं असतं तं म्हनल्या असत्या, घरची होऊन हिशेब करते."

काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. सहा वर्षं झाली हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. तेल, साखर, गॅसचा भाव त्यांना तोंडपाठ होता. हा एक भाव तेवढा राहून गेला होता.

म्हणून पहिली गोष्ट ही की कारण शांतपणे ऐका. सगळ्यांसमोर नको, नवरा-सासऱ्यांसमोर तर नकोच. "तुला काय कमी केलं?" असं विचारलं की उत्तर येतच नाही. "तुझं काय ठरलं आहे, सांग" असं विचारा. कारण शरीराचं असेल, तिच्या घरचं असेल, पगाराचं असेल. कधी घरातल्या एखाद्या पुरुषाची नजर किंवा हात, हेही कारण असतं. बाई ते बोलत नाही, फक्त काम सोडते. असं असेल तर तिला खोटं ठरवू नका. घरकाम करणारीसाठीही २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

दुसरी गोष्ट, थांबवायसाठी रडू नका, शिव्याशाप देऊ नका, शेवटचा पगार अडकवू नका. पगार वाढवून ती राहत असेल तर जरूर विचारा, पण एकदाच. नाही म्हणाली तर तिचं नाही मान्य करा.

तिसरी गोष्ट हिशेबाची. कारखान्यात, मोठ्या दुकानात पाच वर्षांच्या वर काम केलेला माणूस गेला की त्याला ग्रॅच्युइटी मिळते. १९७२ च्या कायद्यानं ती रीत पडली. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा २६ दिवसांचा. घरकामाला ही रीत लागू नाही, कारण ती दहा आणि त्याहून जास्त कामगारांच्या जागी लागते. पण कायदा लागू नाही म्हणून आपल्याला मोजायला कुणी मना केलेलं नाही.

आमच्या गटात मोजलं. मावशीचा पगार महिना २,६०० रुपये. २६ नं भागला की दिवसाचे १००. पंधरा दिवसांचे १,५००. एकवीस वर्षांचे ३१,५००. वहीत तो आकडा लिहिला तेव्हा कुणी बोललं नाही. उचलीचे ८,००० बाकी होते, ते दोघींनीही कबूल केले. ते वजा जाता २३,५०० राहिले. काकू म्हणाल्या, "एकदम नाही होत बाप्पा." खोटं नव्हतं, शेतकऱ्याच्या घरी पाडव्याला पैसा कुठे असतो? अर्धे तेव्हा दिले, अर्धे तूर विकल्यावर देते म्हणाल्या. वहीत लिहिलं, दोघींनी सह्या केल्या, आणि तूर विकल्यावर उरलेले दिलेही. तुम्हाला एवढं जमणार नसेल तर जमेल तेवढं ठरवा, पण आकडा काढा. लुगडं-चोळी, ओटी भरणं छानच आहे. ते हिशेबाच्या वर द्यायचं असतं, हिशेबाच्या बदल्यात नाही.

चौथी गोष्ट कागदांची, आणि ही ती जायच्या आधी करायची. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना बांधली. तिथून पुढे बायांनी पुष्कळ वर्षं मागणी केली, तेव्हा २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. १८ ते ६० वर्षांच्या घरकामगार बाईची नोंद जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते. त्यासाठी 'ही बाई आमच्याकडे काम करते' असा मालकिणीचा दाखला लागतो. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत बाईला १०,००० रुपये सन्मानधन देण्याची योजना सरकारनं ठेवली आहे, तिची चौकशी त्याच कार्यालयात करा. काम सुटल्यावर, साठी उलटल्यावर हा दाखला घेऊन उपयोग नाही. एका कागदावर चार ओळी लिहायला आपल्याला काही खर्च नाही. ई-श्रम कार्डही वयाच्या साठीच्या आत काढावं लागतं. बाई विधवा किंवा निराधार असेल तर संजय गांधी निराधार योजना, आणि ६५ च्या पुढे श्रावणबाळ योजना, या दोन्हींचे अर्ज तहसील कार्यालयात होतात. सोबत जा. तिनं एकवीस वर्षं आपल्या घरी खेटे घातले, आपण तहसीलला दोन घालू.

घरी काम करणारी बाई तरुण असेल तर आजच विचार करा. १८ ते ४० वर्षांच्या असंघटित कामगारासाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजना २०१९ पासून आहे. २९ व्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला १०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. ते १०० रुपये मालकिणीनं भरले तर?

आता काम सोडणाऱ्या तायांसाठी. महिनाभर आधी सांगा. भांडणाच्या दिवशी सोडू नका, न सांगता बंदही होऊ नका, कारण त्यानं आपलाच हिशेब बुडतो. पगार, उचल, खाडे एका लहान वहीत लिहीत जा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून, नातीकडून लिहून घ्या. बोलायला एकटीला भीती वाटत असेल तर गटातली एक जण सोबत न्या. आणि मनात अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही काम सोडता आहात, माणसं सोडत नाही.

गटाच्या अध्यक्ष-सचिवांना एक विनंती. असा विषय आला की मोठ्या घराकडे पाहून न्याय करू नका. कर्ज देताना जशी सगळ्यांना एकच वही, तशी इथेही एकच वही.

आमच्या गटानं एक ठराव केला आहे. ज्यांच्या घरी बाई कामाला येते, त्यांनी दर पाडव्याला तिच्यासोबत बसायचं. पगार किती वाढवायचा, महिन्याच्या सुट्ट्या किती, उचल किती राहिली, पुढच्या वर्षी यायचं की नाही, एवढं बोलायचं आणि लिहायचं. गुढी उभारली, पूजा झाली की अर्ध्या तासाचं काम आहे. पहिल्या वर्षी चार घरी झालं. एका घरी तर बाईच म्हणाली, "मले काही नाही बोलाचं," आणि उठून गेली. सवय नाही तिला. पुढच्या पाडव्याला पुन्हा बसू.

मावशी आता कामाला जात नाही. गुडघ्यांना तेल लावते आणि नातू सांभाळते. काकूंकडे दुसरी बाई आली आहे, तिचा पगार, सुट्ट्या पहिल्याच दिवशी वहीत लिहिल्या. मासिक बैठकीला दोघी येतात. सुरुवातीला दोन-तीन महिने थोड्या लांब बसायच्या. परवा काकूंनी वाळवणाच्या कुरड्या आणल्या होत्या. मावशीनं एक मोडून खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं काकू." काकू म्हणाल्या, "तूच होती ना मीठ पाहाले."

बायांनो, तुमच्या घरी बाई येत असेल तर पुढच्या पाडव्याची वाट पाहू नका, या आठवड्यात एकदा तिच्यासोबत बसा. आणि तुम्ही कामाला जात असाल तर आज रात्रीच वहीचं पहिलं पान लिहा. तुमच्या गटात काय बोलणं झालं ते आम्हाला जरूर कळवा.

येतो बायांनो. रामराम.