काचबिंदूचे थेंब आणि चाळिशी

काचबिंदूवर एकोणिसाव्या शतकापासून वापरात असलेलं पिलोकार्पिन आता चाळिशीनंतरच्या जवळच्या अंधुक नजरेवरही दिलं जातं. या थेंबांनी बाहुली आक्रसते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यासारखी अक्षरं स्पष्ट होतात. ताठरलेलं नेत्रभिंग मात्र तसंच राहतं. काही तासांत असर ओसरतो. मुंबईच्या एन्टॉड फार्मास्युटिकल्सच्या ‘प्रेसव्ह्यू’ला ऑगस्ट २०२४मध्ये परवानगी मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात प्रचारातल्या अनधिकृत दाव्यांवरून ती स्थगित झाली. मला तो निर्णय रास्त वाटतो.

कुणी म्हणेल, औषध इतकं जुनं, मग धास्ती कशाची? काचबिंदूत दृष्टीच जाण्याचं भय असतं, म्हणून औषधाचा त्रास सोसायचा. चाळिशीला साधा चष्मा पुरतो. या थेंबांनी डोकं दुखू शकतं, कमी उजेडात दिसणं मंदावतं. संध्याकाळी पुण्याच्या विश्रांतवाडी चौकातून दुचाकी नेणाऱ्यानं हे ध्यानात घ्यायलाच हवं. मोठा मायनस नंबर असणाऱ्यांनी तर आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, कारण तो फाटल्याची क्वचित उदाहरणं आहेत. शिवाय टिमोलॉलसारखे काचबिंदूचे इतर थेंब बाहुली लहान करतच नाहीत. आजोबांची बाटली वाचनासाठी उचलू नका.