मुद्रणाची साधने आणि आपली मालकी

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात चंद्रपूर येथे केलेले भाषण)



स्मरणिकेच्या संपादनाचे काम गेली काही वर्षे आपण आमच्याकडे सोपविले आहे. त्या नात्याने चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहातील खर्च अशा विषयांपैकी एखादा आम्ही निवडू, अशी आपली अपेक्षा असणार. ते विषय मोठे आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणारे वक्ते येथे बसले आहेत. आम्ही एका लहान दिसणाऱ्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. आपली स्मरणिका ज्या साधनांनी सिद्ध होते, ती साधने कोणाची, हा तो विषय होय.

प्रथम घडलेली हकीकत सांगतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेतील दिवंगत कार्यकर्त्यांचे परिचय पुन्हा छापावेत, असे गतवर्षी कार्यकारिणीने ठरविले. शोध घेता छापील प्रत एकच मिळाली, आणि तिचीही मधली पाने वाळवीने खाल्लेली. मात्र त्या वेळी पाने लावणाऱ्या गृहस्थांनी सर्व काम एका सीडीवर जपून ठेवले होते. आम्हांस हायसे वाटले. परंतु ती फाईल आजच्या संगणकावर उघडेना. एका जुन्या यंत्रावर कशीबशी उघडली, तो देवनागरीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी! कोणता फॉन्ट वापरला होता, हे कोणासही आठवेना. ज्यांनी सायकलवरून ब्रह्मपुरी आणि आरमोरीकडील गावे पालथी घालून वसतिगृहासाठी वर्गणी जमविली, त्या पुरुषाचे चरित्र आमच्या हातात होते आणि त्यातील एक ओळही आम्हांस वाचता येत नव्हती. पुष्कळ खटपटीनंतर काही पाने सुटली. उरलेला मजकूर त्यांच्या कन्येकडून, तिला आठवेल तसा, लिहून घ्यावा लागला. जे तिला आठवले नाही, ते गेले ते गेलेच.

यात पाने लावणाऱ्याचा दोष नाही. त्याने आपले काम चोख केले होते. दोष आम्हां संपादकांचा. साधन कोणाचे आहे, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

पूर्वी छापखानदार शिशाचे खिळे वजनावर विकत घेई. घेतले की ते त्याचे. झिजले तर वितळवी, जुने झाले तरी छापण्यास अडचण नसे. संगणक आला आणि ही स्थिती पालटली. पेजमेकर ही प्रणाली १९८५ साली प्रथम मॅकिंटॉश यंत्रासाठी निघाली आणि पुढे विंडोजवर आली. आपल्या गावोगावच्या डी.टी.पी. केंद्रांत तिचेच राज्य होते. तिची सातवी आवृत्ती २००१ साली आली, ती शेवटची. ॲडोबी कंपनीने तिच्या जागी इनडिझाइन आणली होती. कोरलड्रॉची कथा आणखी बोधप्रद आहे. ती १९८९ साली विंडोजसाठी निघाली. पुढे मॅकिंटॉशसाठीही तिच्या आवृत्त्या आल्या, २००० साली लिनक्ससाठीही एक आली. लिनक्सची आवृत्ती लवकरच मागे पडली. अकराव्या आवृत्तीनंतर मॅकिंटॉशची शाखाही थांबली, ती २०१९ साली पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात ज्याने यंत्र बदलले, त्याच्या जुन्या कामाचे काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

मराठी अक्षरांचे दुखणे याहून जुने आहे. श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या प्रणाली यांनी मराठी मुद्रणावर मोठे उपकार केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु त्या काळच्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत, आणि प्रत्येकाची बसवणूक निराळी. फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडने प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक दिला आणि हे परावलंबन संपविण्याचा मार्ग मोकळा केला. तरीही, ‘ॲ’ या आपल्या अक्षरास तेथे स्वतंत्र स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

आता परवान्याकडे वळू. मे २०१३ मध्ये ॲडोबीने जाहीर केले की, आपल्या प्रणालींच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीनेच मिळतील. एकदा पैसे भरून कायमची घ्यावयाची शेवटची मालिका २०१२ सालची ठरली. वर्गणी भरावी तोवर दार उघडे, थांबली की बंद. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकन सरकारच्या आदेशामुळे व्हेनेझुएला देशातील सर्व ग्राहकांची खाती बंद होणार, अशी सूचना याच कंपनीने दिली. त्याच महिन्यात परवानगी मिळाली आणि ती सूचना मागे घेतली गेली. तथापि दूरच्या एका आदेशाने एका देशातील सर्व कलावंतांच्या हातचे हत्यार निघून जाऊ शकते, हे जगाने पाहिले. जानेवारी २०२३ पासून ‘टाइप वन’ जातीचे जुने फॉन्टही या प्रणालींत चालेनासे झाले. ते ज्यांनी विकत घेतले होते, त्यांचे पैसे खरे होते, फॉन्टही हाती होते, पण ते आता तेथे कामास येत नाहीत.

हे सारे मुंबई-पुण्याचे प्रश्न आहेत, आपल्या जंगलमुलखास त्यांचे काय, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, आपल्यालाच ते अधिक जाचतात. वर्गणीची प्रणाली ठराविक दिवसांनी इंटरनेटवरून आपला परवाना तपासून घेते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तेथे वीज आणि संपर्क यांचा भरवसा किती, हे आपण जाणता. वडशाकडे पाहा. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की जाहिराती आणि पत्रके यांची एकच झुंबड उडते. पुढे लग्नपत्रिका येतात, आणि पावसाळ्यात हाताला काम नसते. ज्याची कमाई हंगामी, त्याला बाराही महिन्यांची वर्गणी कशी परवडावी?

मग तो काय करतो? चोरून उतरविलेली प्रत वापरतो. येथे आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. संगणक प्रणालीस १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीनुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायदा बाजूस ठेवला, तरी दुसऱ्याच्या श्रमाचे मोल न देणे हे श्रमावर जगणाऱ्या समाजास शोभत नाही. पण केवळ त्या तरुणास बोल लावून आपण मोकळे होऊ नये. कमीत कमी दराने काम करून मागणारे यजमान आपणच आहोत.

याच मुलखातील एक उदाहरण आम्हांस मार्गदर्शक वाटते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. परंतु वाहतुकीच्या पासाचे पुस्तक वनखात्याकडेच राहिले. बांबू आपला, पण तो हलवावयाचा तर परवानगी दुसऱ्याची! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि हक्क खऱ्या अर्थाने पुरा झाला. आपल्या मजकुराचेही तसेच आहे. लेख आपला, छायाचित्र आपले, वधूवरसूची आपली. पण फाईल उघडण्याचे आणि दुसऱ्या यंत्रावर नेण्याचे पास-पुस्तक परक्याच्या हाती असेल, तर मालकी अर्धीच.

मोफत मिळते ते सर्व आपले, असेही नव्हे. ॲफिनिटी ही प्रणाली पूर्वी एकरकमी किमतीस मिळे. २०२४ साली ती बनविणारी कंपनी कॅनव्हाने घेतली आणि २०२५ साली ती मोफत केली. आज मोफत आहे, आनंद आहे. उद्याचा निर्णय मात्र मालकाचा. मुक्त परवान्याच्या इंकस्केप आणि स्क्रायबस या प्रणालींची गोष्ट वेगळी. त्यांची संहिता सर्वांसाठी खुली असून त्या विंडोज, मॅकिंटॉश आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. त्यांत उणिवा आहेत. जानेवारी २०२४ मध्ये स्क्रायबसची १.६ ही आवृत्ती येईपर्यंत तिच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे नीट बसत नसत. आता बसतात. मुक्त सारखे फॉन्टही खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. सशुल्क प्रणाली उत्तम आहेत, ज्यास परवडतात त्याने त्या अवश्य घ्याव्यात. आमचा आग्रह एवढाच की, समाजाची ठेव एका कुलपात राहू नये.

म्हणून चार सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, स्मरणिका आणि वधूवरसूची यांचा मजकूर यापुढे युनिकोडमध्येच घ्यावा. दुसरी, पाने लावून झाल्यावर तयार पीडीएफ, साधा मजकूर आणि मूळ छायाचित्रे अशी तिहेरी ठेव दोन निरनिराळ्या ठिकाणी करावी, आणि कोणती प्रणाली व कोणता फॉन्ट वापरला, हे कागदावर लिहून ठेवावे. तिसरी, छपाईच्या अंदाजपत्रकात साधनांच्या परवान्यासाठी वेगळी रक्कम धरावी. चौथी, वसतिगृहातील दोन संगणकांवर मुक्त प्रणालींचे वर्ग सुट्टीत चालवावेत. शिकविण्यास आम्ही तयार आहोत.

ज्यांनी पायपीट करून हा समाज एकत्र आणला, त्यांच्यापाशी फार साधने नव्हती. जी होती, ती त्यांची स्वतःची होती. त्यांनी आपल्यासाठी वसतिगृह ठेवले. आपण त्यांच्यासाठी निदान त्यांचे शब्द वाचता येतील असे ठेवू या. पुढील स्मरणिका पंचवीस वर्षांनी कोणी मुलगी उघडील, तेव्हा तिला आपल्या आजोबांचे चरित्र आठवून लिहावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.