विंधन यंत्राचा श्वास : कॉम्प्रेसरची निगा

(टंचाईपूर्व प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानावरून)



माहिती अधिकाऱ्याने कॉम्प्रेसरवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी अभियंता नव्हे. कलाशाखेचा पदवीधर आहे. परंतु टंचाईच्या काळात गावोगाव फिरून वृत्ते लिहिताना एक गोष्ट वारंवार ध्यानात आली. रिग गावात येते, नारळ फुटतो, सारा गाव भोवती जमतो आणि तिसऱ्या-चौथ्या रॉडला यंत्र तापून बंद पडते. मग सुटा भाग येईपर्यंत आठ दिवस जातात आणि तेवढे दिवस टँकरपुढे घागरींची रांग वाढत राहते. अशा वेळी दोष नशिबाला दिला जातो, खडकाला दिला जातो. कॉम्प्रेसरची गाळणी उघडून पाहण्याचे मात्र कोणाच्या मनात येत नाही.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. या थरांमधील भेगा, मांजऱ्या खडकाचे सच्छिद्र पट्टे आणि मुरूम यांतच काय ते पाणी सापडते. कठीण पाषाणातून त्या भेगेपर्यंत पोचायचे तर छिन्नी-हातोड्याने वर्ष लागेल तेथे रिग एक दिवस घेते. हवेच्या दाबाने खडक फोडण्याची ही विद्या आल्प्स पर्वतातील माँ सेनी बोगद्यात १८६१ पासून वापरात आली. त्याच सुमारास आपल्या बोरघाटात लोहमार्गाचे काम पहार, सुतकी आणि सुरुंगाची दारू यांवर चालले होते, हे जाता जाता सांगतो. महाराष्ट्राच्या खेड्यांत ही यंत्रे खऱ्या अर्थाने परिचयाची झाली ती १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे. जालना आणि सोलापूर येथे तयार झालेल्या हातपंपांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते योग्यच आहे. ज्या कॉम्प्रेसरने त्या पंपांसाठी भोक पाडून दिले, त्याची आठवण मात्र कोणी ठेवलेली दिसत नाही.

हा कॉम्प्रेसर करतो काय? बाहेरची हवा ओढून घेतो, ती दाबतो आणि रॉडच्या पोकळीतून खाली सोडतो. ही हवा तळाशी हातोड्याचा दट्ट्या हलवते; दट्ट्या बिटवर आघात करतो. तीच हवा पुढे खडकाचा भुगा घेऊन बोअरच्या भिंतीलगत वर येते. भुगा नीट वर यायचा असेल तर या परतणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला सुमारे हजार मीटर असावा लागतो. वेग मंदावला की भुगा अर्ध्या वाटेवरून खाली बसतो, बिट त्याच भुग्याला पुन्हा पुन्हा दळत राहते आणि एखादे वेळी सबंध हातोडा बोअरमध्ये अडकून पडतो. अडकलेला हातोडा म्हणजे लाखोंची मालमत्ता जमिनीत गाडणे होय.

दाबाचा हिशेब तर पाचवीतल्या मुलालाही करता येईल. दहा मीटर पाण्याचा भार दर चौरस सेंटीमीटरवर एक किलो पडतो. रात्री काम थांबले, बोअरमध्ये साठ मीटर पाणी चढले, तर सकाळी ते नुसते हलवायलाच सहा किलो दाब हवा. जुन्या पद्धतीचा सात किलोचा कॉम्प्रेसर धडधाकट असेल तर हे जेमतेम साधतो. पण तोच कॉम्प्रेसर झिजून पाच किलोवर आला असेल, तर पन्नास मीटर पाण्यापुढे त्याचे काही चालत नाही. मग ठेकेदार सांगतो, ‘येथे यापुढे जाता येत नाही’, आणि गावकरी ते खडकाचे म्हणणे समजून मान्य करतात. आजकाल सतरा ते एकवीस किलो दाबाची यंत्रे सर्रास आढळतात. त्यांना एवढी अडचण येत नाही. पण त्यांचा डिझेलचा आणि दुरुस्तीचा खर्चही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून निगेची गरज कमी झालेली नाही.

आता निगेकडे वळू. माझ्या मते या विषयातील निम्मे शहाणपण हवेच्या गाळणीत आहे. रिगचे काम म्हणजे धुळीचे काम. ज्या यंत्राने धूळ उडवायची, त्यानेच शेजारची हवा ओढायची, असा हा विचित्र संसार आहे. म्हणून कॉम्प्रेसर नेहमी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभा करावा, म्हणजे बोअरमधून उडणारा भुगा त्याच्याकडे येणार नाही. गाळणी रोज पाहावी. ती टायरवर आपटून झटकण्याची पद्धत फार रूढ आहे, ती सोडावी. त्याने कड वाकते आणि वाकलेल्या कडेतून न गाळलेली धूळ थेट आत शिरते. कोरड्या हवेचा मंद झोत आतून बाहेर द्यावा. आतली दुसरी, छोटी गाळणी झटकायची नसते. ती बदलायचीच असते. एका गाळणीची किंमत वाचवण्याच्या नादात स्क्रूचा संपूर्ण संच खराब झाला, तर त्या पैशांत गाळण्यांची गाडी भरून येईल.

दुसरी बाब तेलाची. स्क्रू जातीच्या कॉम्प्रेसरमध्ये तेल हवेत मिसळूनच फिरते, वंगण घालते, उष्णता शोषते आणि मग टाकीतील विलगकात हवेपासून वेगळे होते. यंत्र थंड झाल्यावर टाकीत पाणी साचते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी, टाकीतला दाब शून्य असल्याची खात्री करून, तळाची तोटी हळूच उघडावी. आधी पाणी येईल, तेल दिसताच तोटी बंद करावी. दोन मिनिटांचे हे काम. दाब असताना तेलाचे झाकण मात्र कधीही फिरवू नये. आतले कढत तेल कारंजासारखे उसळते आणि माणूस जन्माचा विद्रूप होतो. काम संपताच इंजिन एकदम बंद करण्याची घाईही वाईट. तीन ते पाच मिनिटे बिनभाराने चालू द्यावे, मग थांबवावे.

उन्हाळ्यात यंत्र तापते त्याचे कारण बहुधा ऊन नसते. शीतकाच्या जाळीत तेल आणि धूळ यांचा लेप बसलेला असतो. तापमान वाढले की यंत्र आपोआप बंद व्हावे अशी कळ बसवलेली असते. ती वारंवार बंद पाडते म्हणून तिची तारच काढून टाकणारे कारागीर आपल्याकडे आहेत. त्यांना कारागीर म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. सुरक्षा झडप आवळून ठेवणाऱ्यांचेही तेच. गळणाऱ्या जोडांकडेही असेच दुर्लक्ष होते. होजपाइपला सहा मिलिमीटरचे भोक पडले तर सात किलो दाबाला मिनिटाला सुमारे दोन घनमीटर हवा फुकट जाते, आणि ती हवा डिझेल जाळून तयार केलेली असते.

शेतातील विहिरींवर दिसणारा ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर वेगळ्या जातीचा, दोन टप्प्यांत दट्ट्याने हवा दाबणारा. त्याच्या मधल्या शीतकावरील दाबमापक पुष्कळ काही सांगतो. शेवटचा दाब सात किलो असताना मधला दाब दोन किलोच्या आसपास असावा. तो फार चढला तर दुसऱ्या टप्प्याची झडप गळते, उतरला तर पहिल्याची. झडपांवर काजळी साचू देऊ नये. तापलेल्या नळीत ती पेट घेऊ शकते. यात आणखी एक दक्षता आहे. ट्रॅक्टरच्या धुराड्याचे तोंड विहिरीकडे किंवा हवा ओढणाऱ्या तोंडाकडे नसावे. तो धूर तळाशी राबणाऱ्या माणसांच्या छातीत जातो.

पूर्व विदर्भात आणि सिंधुदुर्गात खडक काळ्या पाषाणाचा नसून बराचसा गारगोटीयुक्त आहे. त्याची धूळ फुप्फुसे निकामी करते. तेथे पाणी मारून, धूळ बसवूनच छिद्रण व्हावे. तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही.

पंचायत सदस्यांनी काय पाहावे, असे मला विचारले जाते. यंत्र उघडण्याची गरज नाही. काम सुरू असताना दाबमापक किती दाखवतो आणि बोअरच्या तोंडातून भुगा सलग उडतो की थांबून थांबून, हे दोन पाहावे. होजपाइपच्या प्रत्येक जोडाला साखळी बांधली आहे का, तेही पाहावे. जोड सुटला की तो होज फटक्यासरशी माणूस आडवा करतो. म्हणून बघ्यांना, विशेषतः मुलांना, दूर ठेवण्याचे काम शिक्षकांनी आपल्याकडे घ्यावे. बोअरच्या नोंदीत खोली, केसिंग आणि पाण्याचा पाझर यांबरोबर त्या दिवसाचा दाबही लिहून घ्यावा. पुढे बोअर कोरडी ठरली तर ती खरोखर कोरडी होती की दाबाअभावी अर्धवट सोडली, याचा उलगडा त्या एका आकड्याने होईल.

यंत्रासोबतची नोंदवही हा रिगचालकांचा विषय. चाललेले तास, तेल बदलल्याची तारीख, गाळणी बदलल्याची तारीख. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. त्या भरल्या काय आणि न भरल्या काय सारखेच. मात्र तासांचा आकडा खरा लिहायचा तर तासमापक चालू हवा, आणि तो बंद असेल तर चालकाला दोष देऊन भागणार नाही. त्याची दुरुस्ती कार्यालयानेच मंजूर केली पाहिजे. सुट्या भागांची मागणी एप्रिलमध्ये करून ते एप्रिलमध्येच मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. गाळण्या, पट्टे, विलगक आणि होजच्या कड्या यांची खरेदी दिवाळीनंतर लगेच व्हावी.

बाहेर अंगणात रिग उभी आहे. चहा झाल्यावर तेथील चालक बंधू गाळणी काढून आणि टाकीतील पाणी सोडून दाखवणार आहेत. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या वेळी त्यांनाच विचाराव्यात. माझ्यापेक्षा ते अधिक नेमके उत्तर देतील.