पोट साफ होण्याची गोळी: किती आणि किती दिवस?

बचत गटाच्या बैठकीत आपण पैशांचा हिशेब मोठ्याने वाचतो, पण पोट साफ होत नाही हे कानात सांगतो. आज त्यावरच बोलू.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या एका गोळीत दोन औषधं असतात, सेन्ना आणि डॉक्युसेट. सेन्ना म्हणजे आपली सोनामुखी. ती आतड्यांना हलवते. डॉक्युसेट शौच मऊ करतं. गोळी रात्री झोपताना, पाकिटावर लिहिली असेल तेवढीच, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. गुण यायला ६ ते १२ तास लागतात. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरी घेऊ नका.

पोट साफ करणाऱ्या बऱ्याच चूर्णांतही सोनामुखीच असते. गोळी आणि चूर्ण दोन्ही घेतलं तर मात्रा वाढते, मुरडा येतो, जुलाब होतात. एका वेळी एकच घ्या, तेही आठवड्याच्या वर नाही.

पोटात जोरात दुखत असेल, उलटी होत असेल, शौचातून रक्त जात असेल, तर गोळी नको, थेट दवाखाना गाठा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी आणि लहान मुलांसाठी आधी डॉक्टरांना विचारा. रक्तवाढीच्या गोळ्यांनीही शौच घट्ट होतं. त्या परस्पर बंद करू नका, आशाताईंना सांगा.

आणि शेतावर आडोसा नाही म्हणून आपण पाणी कमी पितो, शौचाला लागली तरी दाबून धरतो. त्यावर गोळी हा इलाज नाही. पुढच्या बैठकीत आडोशाचाही विषय घेऊ.